काटा चुकवलेली ट्रिप

खाणीवर मी काट्यावर होतो, म्हणजे वजनकाट्याच्या केबिनमध्ये. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, मी नंबर, वजन, वेळ लिहायचो, शिक्का मारायचो आणि गाडी सारमानसच्या जेटीकडे सुटायची. एखादा घाईतला ड्रायव्हर काटा चुकवून थेट जेटीवर गेला, तर माल पोचायचा, डिझेल जळायचं, पण ट्रिप कुणाच्याच नावावर पडायची नाही. ट्रकमालक संध्याकाळी भांडायला यायचा. माझं उत्तर ठरलेलं होतं: "गाडी काट्यावर आलीच नाही, तर मी लिहू काय?"

पुढे हेच वाक्य एका कंपनीतल्या मुलीने मला फोनवर ऐकवलं. फक्त गोड हिंदीत.

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातली ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द केली आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. लाटंबार्सेत ज्याच्या-त्याच्या अंगणात ट्रक उभे राहिले, टायरांत गवत वाढलं. माझ्याकडे ट्रक नव्हता, हे त्यातल्या त्यात बरं. घरची थोडी काजूची बाग होती. बेणणीला माणूस मिळेना म्हणून ग्रास कटर घेतला आणि तो चालवतानाचा व्हिडिओ भाच्याने सहज म्हणून टाकला. लोक विचारू लागले: कुठून घेतला, केवढ्याला, पेट्रोल किती खातो. भाचा म्हणाला, "मामा, नुसतं सांगत बसण्यापेक्षा लिंक दे. विक्री झाली की तुला कमिशन."

अॅफिलिएट म्हणतात त्याला. इंग्रजी नावाने बिचकायचं कारण नाही, ही अडतच आहे. फरक एवढाच, की इथे अडत्याची नोंद वहीत होत नाही, गिऱ्हाइकाच्या मोबाइलमध्ये होते. तुमच्या लिंकमध्ये तुमचा क्रमांक असतो. गिऱ्हाईक ती दाबून विक्रेत्याच्या पानावर गेलं, की ते पान त्याच्या ब्राउझरमध्ये एक चिठ्ठी ठेवतं, हीच कुकी. ठरलेल्या मुदतीत त्याने खरेदी केली तर चिठ्ठी वाचून कमिशन तुमच्या नावावर. अॅमेझॉनने ही पद्धत १९९६ पासून चालवली आहे आणि तिथे चिठ्ठीची साधारण मुदत अवघी २४ तासांची. माझा विक्रेता अॅमेझॉन नव्हे, एक छोटी यंत्रं विकणारी कंपनी. तिची मुदत महिन्याची होती आणि दर शेकडा सहा. साडेनऊ हजारांच्या मशीनमागे ५७० रुपये. काजूच्या आधीच्या दोन महिन्यांत बरं चालायचं.

मग २०२१ च्या दिवाळीत माझ्या डोक्यात शहाणपण शिरलं. कंपनीचं मशीनचं पान लांबच लांब होतं. फोटो, सुटे भाग, वॉरंटी, लोकांचे अभिप्राय, मग कुठे तळाशी खरेदीचं बटन. आमच्याकडे रेंज मिळवायला सड्यावर चढावं लागतं. एक पान उघडेपर्यंत चहा निवतो. म्हटलं, एवढी पानं उलटवताना गिऱ्हाईक वाटेतच गळत असणार. त्याला थेट पैसे भरायच्या पानावरच उतरवला तर? मी मशीन कार्टमध्ये टाकलं, पुढे पुढे जात ऑर्डरच्या पानावर पोचलो, वरच्या पट्टीतली लिंक उचलली, तिच्या शेपटीला माझा क्रमांक चिकटवला आणि सगळ्या व्हिडिओंखाली डकवली. स्वतःवर एवढा खूश पूर्वी कधी झालो नव्हतो.

तिसऱ्या दिवशी दोडामार्गहून एका काकांचा फोन. आवाज तापलेला. "मेल्या, व्हिडिओत साडेनऊ म्हणतंस आणि हय एकोणीस दाखयता!"

मला काही कळेना. त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला तेव्हा घाम फुटला. दोन मशिनं घेतली तर सूट मिळते का, हे बघायला मी कार्टमध्ये आकडा दोन केला होता. मी उचललेली लिंक त्या पानाची नव्हतीच, ती माझ्या कार्टची होती. जो दाबेल त्याला माझी दोन मशिनं आणि १९,००० ची बेरीज. काकांची माफी मागितली. ते शांत झाले, पण मशीन त्यांनी म्हापशाच्या दुकानातून घेतलं. तिथे हात लावून बघता येतं, म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

तरीही पाच जणांनी दोनाचा एक करून मशीन घेतलं. त्यांनी मला आवर्जून कळवलं, बॉक्सचे फोटोही पाठवले. माझ्या खात्यात शून्य. कंपनीत फोन केला तेव्हा ती मुलगी म्हणाली, "सर, आप के लिंक से तो कोई आया ही नहीं." चिठ्ठी मशीनच्या पानावर लागायची. ऑर्डरचं पान पैसे घेणाऱ्या दुसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावर होतं; त्याला माझ्या शेपटीतला क्रमांक म्हणजे काय हे ठाऊकच नव्हतं. नऊ वर्षं काट्यावर बसलेला माणूस मी, आणि माझ्याच गाड्या काटा चुकवून जेटीवर पाठवत होतो.

कमिशन बुडालं ते मोजता तरी आलं. जे लोक न बोलता परत फिरले, त्यांचं काय? पेडण्याच्या एका ताईंनी नंतर सांगितलं, "दादा, लिंक दाबली तर एकदम नाव, मोबाइल, कार्डचा नंबर. मशीनचा फोटोसुद्धा नाही. मला वाटलं फसवणूक आहे." रोज पेपरात कुणाचे ना कुणाचे पैसे गेल्याची बातमी असते, बँक रोज सावध करते. अशात अनोळखी पान आधी कार्ड मागतं, तर शहाण्या माणसाने बंदच करावं. मला कंटाळवाणं वाटणारं ते लांब पान खरं तर माझं काम करत होतं. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात माणूस कोयता उचलतो, धार बघतो, घासाघीस करतो आणि मग खिशात हात घालतो. मी त्याला हात धरून गल्ल्यासमोर उभा करत होतो.

हे काम करू पाहणाऱ्या मुलांना मी म्हणतो, थेट ऑर्डरचं पान कायमचं वाईट असं नाही. कटरची नायलॉन दोरी, ब्लेड, टू-स्ट्रोक ऑइल यांच्यासाठी मी आजही तेच देतो. ज्याच्याकडे मशीन आहे, ज्याने तीच दोरी आधी दोनदा घेतली आहे, त्याला वर्णन कशाला ऐकवायचं? पण ती लिंक वरच्या पट्टीतून उचलायची नाही. विक्रेत्याकडून लेखी मागून घ्यायची. क्लिकबँकसारख्या जुन्या व्यवस्थेत हॉपलिंक असते: गिऱ्हाईक आधी क्षणभर त्यांच्या दारावरून जातं, तिथे तुमचं नाव लागतं आणि मग विक्रेत्याचं पान उघडतं. म्हणजे काटा आधी, जेटी नंतर. तुमच्या विक्रेत्याकडे अशी सोय नसेल तर गुपचूप वस्तूच्या पानावरच पाठवा.

महाग वस्तूला मी आता मध्ये माझं स्वतःचं एक पान ठेवतो. त्यात एका मशीनची किंमत, दोडामार्ग-सावंतवाडीकडे पोचतं की नाही, पोचल्यावर पैसे देता येतात का, बिघडलं तर कुठे न्यायचं, आणि मला यात कमिशन मिळतं हेही पहिल्याच ओळीत. जाहिरातींच्या मानक परिषदेने जून २०२१ पासून तशी सूचना लागू केली आहे, पण मी ते लिहू लागलो त्या काकांमुळे. "तुका ह्यात काय गावता?" असं त्यांनी सरळ विचारलं होतं, आणि मी अडखळलो होतो.

नवी लिंक लावली की ती स्वतःच्या फोनवर तपासू नका. तुमच्या फोनमध्ये आधीच्या शंभर चिठ्ठ्या पडलेल्या असतात. बायकोचा फोन घ्या, शेजाऱ्याचा घ्या. एखादा आयफोनवाला गाठा, कारण त्यातला सफारी ब्राउझर मार्च २०२० पासून परक्या ठिकाणच्या कुकी ठेवूच देत नाही. फेसबुकच्या आत लिंक उघडून बघा. तिथे लागलेली चिठ्ठी क्रोमला दिसत नाही, म्हणून सकाळी फेसबुकात बघून रात्री क्रोममध्ये घेणारा माणूस तुमच्या हातून जातो. आणि शेवटी शेजाऱ्याकडून एक खरी, स्वस्त ऑर्डर करवून घ्या. त्याला खरोखर हवी असलेली दोरी असली तरच, आणि ही चाचणी आहे असं कंपनीला आधी सांगून. काही ठिकाणी स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलं तर खातंच बंद करतात.

यासाठी मी एक वही केली आहे. जुन्या ट्रिप शीटसारख्याच रेघा: तारीख, लिंक, कुणाचा फोन, पान उघडलं का, नोंद पडली का. गेल्या मंगळवारच्या ओळीत शेवटचा रकाना कोरा आहे. कंपनीने पैसे भरायचं पान बदललंय, शेजाऱ्याची दोरी घरी आली, नोंद आली नाही. मेल टाकला आहे. उत्तर येईपर्यंत सगळ्या व्हिडिओंखालून ती लिंक काढून टाकली.