‘बहुतेक’ म्हणजे ‘मोस्टली’ नव्हे : शक्यता सांगणारी इंग्रजी क्रियाविशेषणे आणि सीमाभागातील मराठी विद्यार्थी

मच्छे हे गाव बेळगाव-खानापूर रस्त्यावर आहे. येथे भाताची शेते आहेत, औद्योगिक वसाहत आहे आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आहे. या परिसरातील विद्यार्थी घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलतो. नोकरीला लागला की त्याला पत्रे मात्र इंग्रजीत लिहावी लागतात. प्रस्तुत लेखाचा विषय मला अशाच एका माजी विद्यार्थ्याने दिला.

तो एका कारखान्यात माल रवाना करण्याच्या विभागात काम करतो. परगावच्या ग्राहकाला त्याने कळवले, “मोस्टली द पार्ट्स विल रीच ऑन मंडे.” ग्राहकाने उलट विचारले, “सगळे भाग येणार नाहीत का? कोणते मागे राहणार?” वरिष्ठांची बोलणी खाऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मी तर ‘बहुतेक’ म्हणूनच लिहिलं की.” त्याला चूक समजावताना मीच वरमलो. “मोस्टली उद्या तास होणार नाही,” हे वाक्य वर्गात मी स्वतः कित्येक वर्षे वापरत आलो होतो.

चुकीचे मूळ मराठीत आहे. आपला ‘बहुतेक’ दोन कामे करतो. ‘बहुतेक मुले आली’ यात तो संख्या सांगतो, तर ‘बहुतेक मुले येतील’ हे वाक्य दोन्ही अर्थांनी घेता येते : पुष्कळशी मुले येतील, किंवा मुले येण्याचा संभव अधिक आहे. इंग्रजीतील ‘मोस्टली’ पहिलेच काम करते. दुसऱ्यासाठी ‘प्रॉबेब्ली’ हवे.

काळ आणि प्रमाण यांतून आलेले शब्द

मराठीतील शक्यतादर्शक शब्दांचे पूर्वज पाहण्यासारखे आहेत. संस्कृतात ‘कदाचित्’ म्हणजे ‘कधीतरी, एखाद्या वेळी’. ‘बहुधा’ म्हणजे ‘अनेक प्रकारे’. एखाद्या वेळी घडते ते आजही घडू शकेल, म्हणून ‘कदाचित’. अनेक परींनी, वरचेवर घडते ते आजही घडेल, म्हणून ‘बहुधा’. कन्नडमधील ‘बहुशः’ हा शब्दही याच वाटेने आला. संस्कृतात तो ‘पुष्कळदा’ या अर्थी होता, कन्नडमध्ये तो ‘बहुधा’ झाला.

इंग्रजीची वाट वेगळी आहे. ‘प्रॉबेबल’च्या मुळाशी पारखणे, पटणे हा अर्थ आहे. ‘पर्हॅप्स’मधील ‘हॅप’ म्हणजे दैवयोग. ‘मेबी’ तर ‘असू शकेल’ हे आखूड वाक्यच आहे. ‘प्लॉझिबल’चे मूळ टाळ्या वाजवण्याच्या लॅटिन शब्दात आहे. ऐकणाऱ्याला जे सहज मानवते ते प्लॉझिबल, मग ते खरे असो वा नसो. म्हणून ‘प्लॉझिब्ली’ला ‘बहुधा’ म्हणू नये. ‘पटण्याजोगे’ असा अर्थ त्याच्या जवळ जातो.

तीन फसवे शब्द

पहिला ‘शक्यतो’. ‘शक्यतो सोमवारी या’ म्हणजे जमत असेल तर सोमवारीच या. यात पसंती आहे. विद्यार्थी ‘शक्य’ पाहून ‘पॉसिब्ली’ लिहितात. इंग्रजी ‘पॉसिब्ली’त पसंती नसते, ‘घडलेच तर घडेल’ एवढीच क्षीण आशा असते. ‘शक्यतो’साठी ‘प्रेफरेब्ली’ किंवा ‘इफ पॉसिबल’ योग्य.

दुसरा ‘शुअरली’. मुले तो ‘खात्रीने’ या अर्थी वापरतात. मात्र ‘शुअरली यू नो हिम’ यात बोलणाराच समोरच्याकडून दुजोरा मागतो आहे : ‘तुम्ही त्याला ओळखत असालच ना?’ आपला ‘ना’ येथे नेमका बसतो. खात्री द्यायची असेल तर ‘सर्टनली’ किंवा ‘डेफिनेटली’ लिहावे.

तिसरा ‘इन्क्रेडिब्ली’. शब्दशः अर्थ ‘विश्वास बसणार नाही असे’, पण रोजच्या बोलण्यात तो ‘फारच’ एवढाच उरला आहे. ‘इन्क्रेडिब्ली हॉट’चे भाषांतर ‘अविश्वसनीयरीत्या गरम’ असे करू नये. ‘कमालीचा उकाडा’ म्हणावे.

क्रियापदात लपलेली शक्यता

मराठी माणसाला क्रियाविशेषणावाचूनही शक्यता सांगता येते. काकांच्या दाराला कुलूप दिसले की आपण म्हणतो : ‘शेतात गेले असतील’, ‘शेतात गेले असावेत’, ‘शेतात गेले असणार’. पहिल्यात अंदाज आहे, दुसऱ्यात खुणेवरून काढलेले अनुमान, तिसऱ्यात जवळजवळ खात्री. ‘गेले असले पाहिजेत’ हा चौथा प्रकार तर तिन्ही भाषांना सामाईक आहे. मराठीत ‘पाहिजे’, कन्नडमध्ये ‘होगिरबेकु’तील ‘बेकु’, इंग्रजीत ‘मस्ट’. गरज सांगणारा शब्दच तिन्हीकडे अनुमान सांगतो. वर्गात ही तुलना मांडली की सीमाभागातील मुलांना ‘मस्ट हॅव गॉन’ पटकन उमगते.

‘म्हणे’चेही तसेच. ‘रस्ता रुंद होणार म्हणे’ आणि कन्नडमधील ‘अंते’ या दोन्हींच्या मुळाशी ‘म्हणणे’ हेच क्रियापद आहे. ऐकीव गोष्टीची जबाबदारी आपल्यावर नाही, हे दोन्ही सांगतात. इंग्रजीत यासाठी ‘अपॅरंटली’ आहे, बातमीत ‘रिपोर्टेड्ली’, आणि सिद्ध न झालेल्या आरोपासाठी ‘अलेजेड्ली’. बातमीचे भाषांतर करताना हा शेवटचा शब्द गळला, तर संशयित माणूस एका ओळीत गुन्हेगार ठरतो. तेथे ‘असा आरोप आहे’ हे शब्द हवेतच.

शब्दाला किती टक्के?

अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागातील शर्मन केंट यांनी १९६४ साली याच प्रश्नावर निबंध लिहिला. युगोस्लाव्हियावर १९५१ मध्ये हल्ला होण्याची ‘सीरियस पॉसिबिलिटी’ आहे, असे एका अहवालात म्हटले होते. तो तयार करणाऱ्या सहकाऱ्यांना केंट यांनी अर्थ विचारला, तेव्हा कोणाच्या मनात २० टक्के होते, तर कोणाच्या ८० टक्के. मग त्यांनी शब्दांना आकडे सुचवले. त्यात ‘प्रॉबेबल’ला सुमारे ७५ टक्के होते.

आजही हा घोळ आहे. हवामानबदलावरील आंतरराष्ट्रीय समितीच्या अहवालांत ‘लाइकली’ म्हणजे किमान ६६ टक्के. आपल्या हवामान खात्याच्या पत्रकांत मात्र ‘लाइकली’ २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५ आणि ‘मोस्ट लाइकली’ त्याहून अधिक. मराठीत या तिन्हींचे सरसकट ‘पावसाची शक्यता’ झाले, तर कापलेले भात शिवारात ठेवावे की झाकावे, हे शेतकऱ्याने कशावरून ठरवायचे? ‘पाऊस येऊ शकेल’, ‘बहुधा येईल’, ‘येण्याचा दाट संभव आहे’ अशा तीन पायऱ्या आपल्याकडे तयार आहेत. त्या वापरायला हव्यात.

माझ्या विद्यार्थ्याने दुरुस्त पत्र पाठवले : “ऑल द पार्ट्स विल प्रॉबेब्ली रीच ऑन मंडे.” मीही आता वर्गात ‘मोस्टली’ म्हणताना थबकतो.

सरावासाठी

पुढील वाक्ये इंग्रजीत लिहा. प्रत्येक वेळी आधी विचारा : यात संख्या आहे, पसंती आहे, अंदाज आहे की ऐकीव माहिती?

१. बहुतेक दुकाने आज बंद आहेत.
२. बहुतेक उद्या संप मिटेल.
३. शक्यतो सकाळी फोन करा.
४. आजी झोपल्या असाव्यात.
५. त्यांची बदली झाली म्हणे.