चिरुटांभोवतीचा कागद

इ. स. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. गुलामगिरीची चाल टिकविण्यासाठी दक्षिणेकडील संस्थाने संघराज्यातून फुटून निघाली आणि संघराज्य अभंग राखण्यासाठी उत्तरेने त्यांच्याशी झुंज घेतली.

युद्धात तोफा-बंदुकांइतकेच महत्त्व बातमीला असते. सैन्य चार ठिकाणी विखुरलेले असता एकाचा निरोप दुसऱ्यास वेळेवर पोचला पाहिजे आणि तो शत्रूच्या हाती पडता कामा नये. त्या काळी तारायंत्र होते. परंतु शत्रूने तारा तोडल्या की ते मुके होई. मग टेकडीवर उभा राहून एक शिपाई निशाण डावी-उजवीकडे हलवून अक्षरे दाखवी व दूरच्या टेकडीवरील दुसरा शिपाई दुर्बिणीतून ती वाची. रात्री निशाणाच्या जागी मशाल येई. ही पद्धत आल्बर्ट मायर या लष्करी डॉक्टरने बसविली होती. तथापि लांबलचक आज्ञा पाठवायची, तर ती कागदावर लिहून स्वाराबरोबरच धाडावी लागे.

सप्टेंबर १८६२ मध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली हा पोटोमॅक नदी ओलांडून मेरीलँड संस्थानात शिरला. ता. ९ रोजी फ्रेडरिक गावाजवळच्या छावणीतून त्याने १९१ क्रमांकाचे आज्ञापत्र काढले. हार्पर्स फेरी हे उत्तरेचे ठाणे घेण्यासाठी सैन्याचे भाग पाडून कोणी कोणत्या वाटेने जावे, हे सारे त्यात लिहिले होते. बलाढ्य शत्रू समोर असता आपले लहान सैन्य विभागणे हे मोठे धाडस होते. त्याचे यश गुप्ततेवरच अवलंबून होते.

आज्ञापत्राच्या नकला सरदारांकडे रवाना झाल्या. सेनापती हिल याला जॅक्सनने स्वहस्ते लिहिलेली नकल मिळाली व त्याने ती जपून ठेवली. लीच्या कचेरीतूनही त्याच्या नावे एक नकल निघाली होती; ती मात्र वाटेतच गहाळ झाली. हिलला आज्ञा मिळालेलीच असल्यामुळे ही चूक कोणाच्या ध्यानीही आली नाही.

ता. १३ रोजी उत्तरेची २७ वी इंडियाना पलटण फ्रेडरिकजवळच्या कुरणात विसावली. नाईक बार्टन मिचेल याला गवतात एक लखोटा सापडला. आत तीन चिरूट होते व त्यांभोवती एक कागद गुंडाळलेला होता. थकल्याभागल्या शिपायास चिरुटांचाच मोह पडावयाचा. परंतु मिचेलची दृष्टी कागदावरील अक्षरांकडे गेली. त्यात शत्रूच्या सेनापतींची नावे होती. त्याने तो कागद तत्काळ वरिष्ठांकडे पोचता केला. शत्रूने तो मुद्दाम तर टाकला नसेल ना, अशी शंका होतीच. पण पिटमन नावाच्या अधिकाऱ्याने लीच्या कारभाऱ्याचे हस्ताक्षर ओळखले आणि शंका फिटली.

शत्रूचा सगळा बेत उत्तरेचा सेनापती मॅक्लेलन याच्या हाती आला. त्याला हर्ष झाला. परंतु शत्रूचे सैन्य वास्तविकतेहून कितीतरी मोठे आहे, ही त्याची समजूत पक्की होती. त्यामुळे तो जपून पावले टाकू लागला. डोंगरातील खिंडींवर त्याने हल्ला चढविला तो दुसऱ्या दिवशी. ता. १५ रोजी हार्पर्स फेरीचे ठाणे पडले. सुमारे १२,००० शिपाई कैद झाले. लीला आपली पांगलेली सेना गोळा करण्यास अवसर मिळाला.

ता. १७ रोजी अँटीटम ओढ्याकाठी घनघोर लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे २३,००० लोक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. मिचेलही पायाला जखम होऊन पडला. ली माघारी फिरला. त्यानंतर, ता. २२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी जाहीर केले, की बंडखोर संस्थानांतील गुलाम १ जानेवारी १८६३ पासून स्वतंत्र होतील.

एकाच्या हयगयीने निसटलेले रहस्य दुसऱ्याच्या सावधपणामुळे योग्य हाती गेले. परंतु बातमी मिळणे हे अर्धेच काम होय. तिचे मोल ओळखून वेळेवर कृती करणे हे उरलेले अर्धे.

अभ्यास
१. आज्ञापत्र हरवल्याचे कोणाच्या ध्यानी का आले नाही?
२. मिचेलचा कोणता गुण या पाठात दिसतो?
३. वाक्यांत उपयोग करा : गहाळ होणे, शंका फिटणे, अवसर मिळणे.