वाळूतील वस्ती कशी ओळखावी?

बालाघाट जिल्ह्यातील हट्टा येथील दगडी बावडी पाहताना इतिहास समोर उभा राहतो. पण जेथे भिंत नाही, पायरी नाही, नुसती वाळू आहे, तेथे माणसाची वस्ती कशी ओळखावी?

उत्तर गुजरातेतील लांघणज हे याचे चांगले उदाहरण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९४१ पासून तिकडे मोहिमा काढल्या. १९४४ मध्ये डॉ. इरावती कर्वे त्यांच्यासोबत होत्या. वाऱ्याने साठवलेल्या जुन्या वाळूच्या टेकडीत नखाएवढी दगडी हत्यारे, म्हणजे सूक्ष्मास्त्रे, सापडली. पाय दुमडून पुरलेले मानवी सांगाडे आणि गेंड्याची हाडेही मिळाली.

वस्तीला टेकडीच का? ती उंच व कोरडी असते. दोन टेकड्यांमधील खोलगट जागेत पावसाचे पाणी साठते. पाण्यावर जनावरे येतात. म्हणून पाहणी करणारा आधी खोलगट जागा शोधतो, मग तिच्या भोवतालचा उंचवटा पायी तपासतो. वारा वाळू आणतो, दगड आणत नाही. तेव्हा अशा वाळूत गारगोटीची कपची दिसली, तर ती बहुधा माणसानेच आणलेली असते.

मात्र कपची उचलण्याआधी तिची जागा नकाशावर नोंदवावी लागते. वारा वाळू उडवून नेतो, जड कपच्या खाली बसतात आणि निरनिराळ्या काळांतील वस्तू एकत्र येतात. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत, जागेची नोंद नसलेली कपची म्हणजे तारीख नसलेली पावती! आणि शेतासाठी टेकडीच सपाट केली, तर सारी वहीच गेली. ती पुन्हा लिहिता येत नाही.