शय्याव्रण : कारणे, ओळख व प्रतिबंध



नेहमी या पानावर आम्ही बेणे, खते व पाणी यांविषयी लिहितो. यावेळचा विषय वेगळा आहे. चाकण-पिंपरी पट्ट्यात गट पाहणीला फिरताना पुष्कळ घरांत कोणीतरी अंथरुणाला खिळलेले दिसते. कुणाला पक्षाघात, कुणाचा खुबा मोडलेला, कुणाला रस्त्यावरचा अपघात. औषध वेळेवर दिले जाते, पण पाठीकडे बघायचे राहून जाते.

कारण : जू एकाच जागी दाबून व घासून बैलाला खांदेसूज येते, हे आपणांस ठाऊक आहेच. माणसाचेही तसेच. हाड आणि गादी यांमध्ये कातडी व मांस दाबले जाऊन रक्तपुरवठा बंद पडतो, आणि काही तासांत मांस मरू लागते. माकडहाड, खुबे, घोटे व टाचा या मुख्य जागा. ओल, मधुमेह व अशक्तपणा यांनी धोका वाढतो.

परिचारिका काय करतात : पहिल्या महायुद्धात कणा मोडलेले बहुतेक सैनिक या जखमांनी व लघवीच्या संसर्गाने दगावत. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमान यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम घातला, आणि असे रुग्ण जगू लागले. आपल्या जवळ खडकीला अशाच जायबंदी जवानांसाठी १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे.

जाणती परिचारिका रुग्ण दाखल होताच कातडी तपासते. ब्रेडन मापाने संवेदना, ओल, चालणे-फिरणे, हालचालीची ताकद, आहार व घर्षण या सहा बाबींना गुण देते. २३ पैकी १८ वा कमी गुण म्हणजे धोका.

ओळख : लाल डागावर बोट दाबून सोडा. डाग पांढरा न पडता लालच राहिला, तर ती पहिली पायरी समजावी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तेथे हात लावून ऊब, सूज वा कडकपणा पाहावा. दुसऱ्या पायरीत फोड येतो वा साल निघते, तिसरीत चरबी व चौथीत स्नायू-हाड उघडे पडते.

घरी करावयाचे :

१. दर दोन तासांनी कूस बदलावी. मुले कंपनीत पाळीला जात असतील तर कारखान्याप्रमाणे घरातही पाळ्या लावून वेळा भिंतीवर लिहाव्यात.

२. वर सरकवताना ओढू नये. दोघांनी चादरीसकट उचलावे.

३. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवाव्यात.

४. लघवी-संडास लगेच पुसून अंग कोरडे करावे. चादरीला चुणी नको.

५. डाळ, दूध, अंडी, मोड आलेली मटकी द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना विचारून.

६. हवेची गादी चांगली. पण तिच्यामुळे कूस बदलणे टळत नाही.

टाळावयाचे : लाल जागा चोळू नका. खाली टायरची ट्यूब वा रबरी कडे ठेवू नका, कडेने रक्त आणखी अडते. जखमेत हळद, राख, शेण घालू नका.

साल निघाली की घरगुती उपाय बंद करून दवाखाना गाठावा. ताप, दुर्गंधी, पू वा काळे कातडे दिसल्यास त्याच दिवशी. पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयातून वा अन्य कोठूनही रुग्ण घरी आणताना, कूस कशी बदलायची ते परिचारिकेकडून हाताने करून शिकून घ्यावे. विचारण्यात कमीपणा नाही. रुग्णालयात ही राखण परिचारिका करतात, घरी ती आपणांस करायची आहे.