संगणकाच्या स्मृतीतील केरसफाई

लोकमान्य टिळकांनी १९०५ साली घेतलेला नारायण पेठेतील गायकवाड वाडा पुढे केसरीवाडा म्हणून प्रसिद्धीस आला. हाताने खिळे जुळविण्याच्या त्या काळात कोणत्याही छापखान्यास एक पथ्य पाळावे लागे. मजकूर छापून झाला की खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकावयाचे. हे काम तुंबले की खण रिकामे पडत आणि पुढील जुळणी खोळंबे.

संगणकाच्या स्मृतीचेही असेच आहे. जावा भाषेत लिहिलेल्या कॅसँड्रासारख्या माहितीसाठ्यात प्रत्येक विचारणेसरशी स्मृतीत तात्पुरता ऐवज साठतो. तो निकामी होताच जागा आपोआप मोकळी करण्याची युक्ती जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प या भाषेसाठी योजिली. तिलाच ‘गार्बेज कलेक्शन’ म्हणतात. मात्र या सफाईच्या काही टप्प्यांत इतर सर्व काम थांबते. थांबा क्षणभराचा असेल तर कोणास जाणवतही नाही. कित्येक सेकंदांचा झाला, तर दाखल्यासाठी खिडकीशी उभ्या असलेल्या नागरिकास ‘सर्व्हर डाउन’ हे सर्वपरिचित उत्तर ऐकावे लागते.

अशा वेळी स्मृती वाढविण्याची मागणी प्रथम पुढे येते. ती नेहमीच योग्य नसते. जावाचे राखीव क्षेत्र, म्हणजे ‘हीप’, साधारण ३२ जीबीपलीकडे गेले की अंतर्गत पत्ते दुप्पट रुंद होतात. थोडकी वाढ मग त्यातच खर्ची पडते. शिवाय सारी स्मृती हीपला दिल्यास डिस्कवरील फायली हाताशी ठेवण्यास जागा उरत नाही व वाचन मंदावते.

खरा प्रश्न कामाच्या स्वरूपाचा आहे. दिवसा दाखले पाहिले जातात, तेव्हा निर्माण होणारा बहुतेक ऐवज अल्पायुषी असतो. नव्या ऐवजाचा कप्पा ऐसपैस असला की तो तेथेच निकालात निघतो. रात्री हजारो नोंदी एकदम चढविल्या जातात, तेव्हा त्या डिस्कवर उतरेपर्यंत स्मृतीत टिकून राहतात व जुन्या ऐवजाच्या कप्प्यात भर घालतात. तेथे नोंदींचा स्मृतीतील साठा आवरणे किंवा तो हीपबाहेर ठेवणे हिताचे. जावाच्या ‘जी-वन’ सफाईपद्धतीत थांब्याचे उद्दिष्ट मुळात २०० मिलिसेकंद असते. रात्रीच्या कामास ते वाढविता येते, कारण तेव्हा खिडकीशी कोणी उभे नसते. दिवसा तशी सवलत नाही.

कोणताही बदल करण्यापूर्वी सफाईची नोंदवही चालू ठेवून किमान एक दिवस व एक रात्र तीतील थांबे पाहावेत, आणि मग एका वेळी एकच मूल्य बदलावे.