घरी बांधलेली बग्गी : सस्पेन्शन व स्टिअरिंगचे गणित

छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा भागाच्या एका बाजूस चिकलठाणा, तर दुसऱ्या बाजूस वाळूज ही औद्योगिक वसाहत आहे. लेथ, वेल्डिंग व सुटे भाग हाताशी असताना तरुणांना स्वतःची गाडी बांधावीशी वाटणे स्वाभाविकच होय. अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून भरणाऱ्या ‘बाहा एसएईइंडिया’ स्पर्धेने या हौसेला शिस्त लावली. तेथे पेट्रोल गटात इंजिन सर्वांना सारखेच असते. खडकाळ वाटेवरील चार तासांच्या शर्यतीत खरा कस लागतो तो सस्पेन्शन व स्टिअरिंगचा.

वळणावर आतले चाक लहान वर्तुळात फिरते, बाहेरचे मोठ्या. दोन्ही सारखीच वळली तर टायर घासतात. यावरील युक्तीचे पेटंट रुडॉल्फ अकरमन यांनी १८१८ साली इंग्लंडमध्ये घेतले, तेही घोडागाडीसाठी. पुढील व मागील चाकांतील अंतर १५० सेंटिमीटर आणि दोन्ही किंगपिनांमधील अंतर १२० सेंटिमीटर असेल, तर आतले चाक ३० अंश वळताना बाहेरचे सुमारे साडेएकवीस अंशच वळावयास हवे.

खरा धोका फेरबदलात असतो. गाडीची उंची वाढविण्यासाठी आर्मचे सांधे खाली घेतले जातात. स्टिअरिंगचा रॅक मात्र जुन्याच जागी राहतो. मग खड्ड्यात चाक वर उचलले जाताच आर्म व टायरॉड निरनिराळ्या कंसांत फिरतात आणि चालकाने हात न हलविताही चाक वळते. वेगात असताना गाडी उलटण्यास एवढे कारण पुरेसे ठरते.

याची परीक्षा सोपी आहे. सांगाडा भक्कम ठोकळ्यांवर ठेवून स्प्रिंग काढावी, स्टिअरिंग मध्यभागी बांधून ठेवावे आणि चाक जॅकने वर-खाली करावे. सांगाड्यास समांतर ताणलेल्या दोरीपासून चाकाच्या पुढील व मागील कडांचे अंतर दर २ सेंटिमीटरला मोजावे. या दोन अंतरांतील फरक कायम राहिला, तर जुळणी योग्य समजावी. तो बदलत असल्यास रॅकची उंची सुधारावी. टायरॉड कापून वेल्डिंगने जोडणे मात्र कटाक्षाने टाळावे.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून बांधलेली चारचाकी २०२१ साली देशभर गाजली. अशी कल्पकता कौतुकास्पदच आहे. तथापि मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीकृत वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि नोंदणीविना कोणतेही वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून अशी बग्गी बंदिस्त मैदानावर, हेल्मेट व पट्टा बांधूनच चालवावी. शाळांच्या कार्यशाळांतून हा मोजणीचा धडा गिरविला गेला, तर हौसेचे रूपांतर कौशल्यात होईल.