कांद्याच्या टरफलांचा बांधणी शर्ट
(इयत्ता चौथी)

आमचे गाव नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात आहे. आमच्या भागात कांदा फार पिकतो. लासलगावची कांद्याची बाजारपेठ सगळ्यांना ठाऊक आहेच. कांद्याची चाळ उपसली की टरफलांचा ढीग पडतो. आपण तो उकिरड्यावर टाकतो. पण त्या टरफलांत पक्का रंग असतो. त्या रंगाने मी घरी शर्ट रंगवला. तो कसा रंगवला आणि त्याआधी माझी काय चूक झाली, हे दोन्ही मी लिहिणार आहे.

माझी चूक

मामाच्या लग्नासाठी बाबांनी मला पांढरा सुती शर्ट घेतला. त्या वेळी कांद्याला भाव नव्हता. बाबांनी स्वतःला नवीन काही घेतले नाही. ते जुन्याच शर्टावर लग्नाला आले. मला ते तेव्हा कळले नाही, नंतर आईने सांगितले.

लग्नात हळद लागली तेव्हा माझ्या शर्टावर मावशीच्या हाताचा पिवळा पंजा उमटला. घरी आल्यावर मी विचार केला, हळद एवढी छान लागते, तर मग सगळाच शर्ट पिवळा केला तर डाग दिसणारच नाही. मी कोणाला विचारले नाही. दुपारी आई शेतात गेल्यावर डब्यातली हळद काढली, बादलीत कालवली आणि शर्ट बुडवला. शर्ट झेंडूसारखा पिवळा झाला. मला फार आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी आईने तो साबणाने धुतला. काय आश्चर्य! शर्ट लालभडक झाला, जणू कुंकवात बुडवला. आई घाबरली. मग तो उन्हात वाळत घातला, तर दोन दिवसांत जागोजागी फिका पडला. काही ठिकाणी पिवळा, काही ठिकाणी तांबूस, बाहीवर पांढरा. बाबांनी शर्ट हातात घेऊन पाहिला आणि काही न बोलता दोरीवर परत टाकला. ते रागावले असते तर बरे झाले असते. मला रात्री जेवण गेले नाही.

हळद लाल का झाली?

हे मी आमच्या बाईंना विचारले. बाईंनी वर्गात प्रयोगच करून दाखवला. हळदीच्या पाण्यात धुण्याच्या साबणाचे पाणी घातले, तर ते लाल झाले. मग त्यात लिंबू पिळले, तर परत पिवळे झाले. साबण आणि धुण्याचा सोडा हे लिंबाच्या उलट गुणाचे पदार्थ आहेत. हळद त्यांना भेटली की आपला रंग बदलते. म्हणून हळदीने आंबट आणि त्याच्या उलट पदार्थ ओळखता येतात. शिवाय हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. म्हणजे हळद दिसायला सुंदर, पण रंग कच्चा.

आजी म्हणाली, "आरे बाळा, रंग असाच बसत नसतो. कापडाला आधी पाजावं लागतं. आमची आई हिरडा आन् तुरटी लावायची, तवा कुठं रंग धरायचा."

आईने तो शर्ट सोड्याच्या पाण्यात दोनदा उकळला आणि आठ दिवस उन्हात टाकला. हळद बरीचशी गेली. मग आजी, मी आणि बाईंनी सांगितलेली माहिती, असे मिळून आम्ही नव्याने काम सुरू केले.

बांधणी म्हणजे काय?

कापड ठिकठिकाणी दोऱ्याने घट्ट बांधायचे आणि मग रंगात बुडवायचे. जिथे दोरा आवळलेला असतो तिथे रंगाचे पाणी शिरत नाही. दोरा सोडला की तेवढी जागा कोरी राहते आणि नक्षी दिसते. बांधतात म्हणून बांधणी. गुजरातमध्ये जामनगर आणि कच्छमधील भूज ही गावे बांधणीसाठी प्रसिद्ध आहेत. कच्छमध्ये खत्री समाजाचे लोक हे काम पिढ्यान्‌पिढ्या करतात. बांधणारे कारागीर करंगळीचे नख वाढवतात. त्या नखाने कापड चिमटीएवढे उचलून त्यावर दोरा गुंडाळतात. एका साडीवर अशा हजारो गाठी असतात. राजस्थानात कापड तिरके गुंडाळून बांधतात, त्यामुळे लाटांसारखे पट्टे येतात. त्याला लहरिया म्हणतात. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांतही अशा ठिपक्यांची वस्त्रे आहेत, असे बाईंनी सांगितले.

आपल्या जिल्ह्यात येवल्याला पैठणी होते. पैठणीची नक्षी विणताना येते. बांधणीची नक्षी विणून झाल्यावर, बांधताना येते. हा फरक लक्षात ठेवावा.

साहित्य

1. सुती शर्ट. माझा शर्ट किराणा दुकानाच्या तराजूवर तोलला, तो 150 ग्रॅम भरला.
2. कांद्याची कोरडी टरफले, शर्टाच्या वजनाएवढी, म्हणजे 150 ग्रॅम. टरफले फार हलकी असतात. 150 ग्रॅमला खताची अर्धी गोणी भरली.
3. हिरड्याची पूड 30 ग्रॅम.
4. तुरटी 30 ग्रॅम.
5. गोधडी शिवायचा जाड दोरा.
6. काचेच्या गोट्या किंवा धुतलेले खडे.
7. जर्मनचे मोठे पातेले, लाकडी दांडा, गाळायला जुने धोतर.

हिरडा आणि तुरटी यांचा हिशोब सोपा आहे. कापडाच्या वजनाचा पाचवा भाग. 150 भागिले 5 बरोबर 30. तुमचा शर्ट 200 ग्रॅमचा असेल तर 40 ग्रॅम घ्या.

कृती

पहिला दिवस : शर्ट स्वच्छ धुऊन घेतला. नव्या कापडाला खळ असते, ती गेली पाहिजे, नाहीतर रंग वरच्यावर राहतो. मग कोमट पाण्यात हिरड्याची पूड कालवून शर्ट रात्रभर भिजत ठेवला.

दुसरा दिवस : शर्ट पिळला आणि न धुता सावलीत वाळवला. तो साईसारखा पिवळट झाला. वाळल्यावर गरम पाण्यात तुरटी विरघळवली आणि शर्ट त्यात संध्याकाळपर्यंत ठेवला. परत वाळवला. हिरडा कापडाला धरतो, हिरड्याला तुरटी धरते आणि तुरटीला रंग धरतो. बाई म्हणाल्या, हे साखळीच्या खेळासारखे आहे. मधला एक जण सुटला की साखळी तुटते. मी हळद लावली तेव्हा मधले दोघेही नव्हते.

तिसरा दिवस : बांधायचे काम. हे सर्वात मजेचे आणि सर्वात कंटाळ्याचे आहे. शर्ट थोडा ओला केला. कापडाच्या आतून एक गोटी धरायची, बाहेरून मुठीत आवळायची आणि गोटीच्या खाली दोरा सात-आठ वेढे घट्ट गुंडाळून गाठ मारायची. त्याचे गोल कडे उमटते. मी पाठीवर 6 ओळी केल्या, प्रत्येक ओळीत 4 गोट्या. पुढे डाव्या बाजूला 6 आणि उजव्या बाजूला 6. एकूण 36. एका गोटीला दोन मिनिटे लागली. म्हणजे 72 मिनिटे. बोटांना वळ उठले. तेव्हा मला वाटले, हजारो गाठी मारणाऱ्या बायांची बोटे कशी होत असतील!

माझ्याकडे गोट्या 29 होत्या. उरलेल्या 7 ठिकाणी मी हरभरे बांधले. ही माझी दुसरी चूक. ती पुढे सांगतो.

बाह्यांना पट्टे हवे होते. त्यासाठी बाहीच्या कागदी पंख्यासारख्या चुण्या घातल्या आणि दोन-दोन बोटांच्या अंतरावर दोरा आवळला. सूर्य काढायचा असेल तर कापड मधोमध चिमटीत उचलून शेपटासारखे करावे आणि थोड्या थोड्या अंतरावर बांधावे.

चौथा दिवस : आजीने चूल पेटवली. पातेल्यात पाच लिटर पाणी आणि टरफले घालून पाऊण तास उकळले. पाणी गडद तपकिरी झाले. आईने ते धोतरातून गाळले. गाळलेल्या पाण्यात बांधलेला शर्ट साध्या पाण्यात भिजवून मग सोडला. कोरडा सोडला तर रंग डागाडागाने बसतो. मंद जाळावर पाऊण तास ठेवला. आजी दांड्याने हलवत होती. नंतर पातेले उतरवून रात्रभर तसेच ठेवले.

हरभऱ्यांचे काय झाले? ते उकळत्या पाण्यात शिजले आणि फुगले! दोन ठिकाणी दोरे तुटले. तिथे कडे आलेच नाही, नुसता धुरकट डाग आला. म्हणून धान्य बांधू नये. गोटी किंवा खडाच बांधावा.

पाचवा दिवस : शर्ट थंड पाण्यात खळबळला. पाणी नितळ येईपर्यंत तीन पाणी बदलले. मग दोरे सोडले. आजीने सांगितले की कात्री लावायची घाई करू नको, पण मी ऐकले नाही आणि एका ठिकाणी शर्टाला भोक पाडले. आजीने तिथे टाका घातला. एकेक दोरा सुटत गेला तसे एकेक कडे उघडले. सगळी आळी बघायला जमली होती.

शर्ट सोनेरी तपकिरी झाला, गुळासारखा. कडी पांढरीशुभ्र नाही आली, साईच्या रंगाची आली, कारण हिरडा आधीच लावला होता. हळदीचे उरलेले डाग त्या रंगात लपून गेले. मावशीचा पंजा मात्र खिशाजवळ अजून थोडा दिसतो. आई म्हणते, तो राहू दे.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

1. उकळण्याचे काम मोठ्या माणसांनीच करावे. मुलांनी चुलीजवळ जाऊ नये.
2. रंगाच्या पातेल्यात नंतर स्वयंपाक करू नये.
3. लोखंडी कढई वापरली तर रंग काळपट हिरवट होतो. मुद्दाम तसा हवा असेल तरच वापरावी.
4. रंगाचे पाणी विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नये.
5. शर्ट रिठ्याच्या पाण्याने, इतर कपड्यांपासून वेगळा धुवावा आणि सावलीत वाळवावा.
6. घरातली वस्तू घेण्याआधी विचारावे. हा नियम मी सर्वांच्या शेवटी लिहिला, पण तो पहिला आहे.

बाबांचा शर्ट

मी शर्ट घालून बाबांसमोर उभा राहिलो. बाबांनी पाठ फिरवायला सांगितली, कडी मोजली आणि म्हणाले, "चौतीसच की रे!" मी हरभऱ्यांची गोष्ट सांगितली तेव्हा ते हसले. मग म्हणाले, "माझा लग्नातला शर्ट पण काढ. कॉलर मळकी झाली, रंगात चालून जाईल."

मला फार आनंद झाला. सगळी कृती तशीच केली. पण बाबांच्या शर्टावर रंग फारच फिका बसला, कडीसुद्धा नीट दिसेनात. मला रडू आले. बाई म्हणाल्या की तुझे काही चुकले नाही, तो शर्ट टेरिकॉटचा आहे. टेरिकॉटमध्ये सुताबरोबर कारखान्यात तयार केलेला धागा मिसळलेला असतो. तो धागा टरफलांचा रंग घेत नाही, फक्त सुताचा भाग रंगतो. ओळखायचे कसे? कापडातलाच एक दोरा काढून मोठ्या माणसाने तो काडीने पेटवावा. सुती असेल तर कागदासारखा वास येतो आणि मऊ राख पडते. मिसळीचा असेल तर वितळून कडक गोळी राहते. हे आधी केले असते तर बरे झाले असते.

मी बाबांना म्हणालो, "तुमचा शर्ट बिघडला." बाबा म्हणाले, "बिघडला कुठं? उन्हात जायला हा फिका रंगच बरा." आता ते तोच शर्ट घालून मळ्यात जातात. जवळ गेले तर पाठीवर अंधुक कडी दिसतात.

पुढच्या वेळी कांद्याचे पैसे आले की बाबांसाठी सुती शर्ट घ्यायचा, असे आईने कबूल केले आहे. दोरा पेटवून बघूनच घेणार आहोत. गोट्या मी आतापासून जमवतो आहे. 36 पूर्ण व्हायला 7 कमी आहेत. ज्यांच्याकडे जास्त असतील त्यांनी मला उसन्या द्याव्यात, रंगवून झाल्यावर परत देईन.

मित्रांनो, तुम्हीही जुना, डाग पडलेला सुती सदरा टाकून देऊ नका. टरफले हवी असतील तर आमच्या चाळीवर या. तिथे कितीही आहेत आणि पैसे पडत नाहीत.